पेढीचे बावटे



गेले चार दिवस या मंडपात आपण संतवाङ्मयावर ऐकलेत, धरणांवर ऐकलेत, मधुमेहावर ऐकलेत. आज पाचव्या दिवशी एका कामगार संघटनेच्या माणसाला आपण उभे केले आहे, आणि त्याने विषय निवडला आहे डेन्मार्कच्या जहाज कंपन्यांच्या निशाणांचा. चिटणीसांनी आम्हांला फोनवर दोनदा विचारले, "विषय नक्की हाच ना? छपाईला द्यायचा आहे." आम्ही म्हटले, हाच. त्यांची शंका रास्त होती. हे गाव घाटावरचे. येथून समुद्र दिसत नाही. डेन्मार्क तर नकाशावर बोटभर. तेव्हा या विषयाचे आपल्याला काय, हे आधी सांगितले पाहिजे.

आपल्यापैकी प्रत्येकाने यातले एक निशाण पाहिलेले आहे. मुंबईच्या रस्त्याला लागले की मोठमोठे ट्रेलर लागतात. त्यांवर राखाडी रंगाच्या लोखंडी पेट्या असतात आणि पेटीवर निळ्या चौकोनात पांढरी चांदणी असते. पुढच्या वेळी चांदणीची टोके मोजा. पाच नाहीत, सहा नाहीत, सात आहेत. ही चांदणी म्हणजे डेन्मार्कच्या मर्स्क कंपनीचा बावटा. तो जहाजाच्या डोलकाठीवरून उतरून पेटीवर आला आणि पेटीबरोबर आपल्या शेतांच्या कडेने फिरू लागला. या पेटीतून आपली द्राक्षे जातात आणि आपल्या घरातले पंखे येतात. शिवाय ती वाहणाऱ्या बोटींवर आपल्याच कोकणातली, आणि आता घाटावरचीही, पोरे कामाला आहेत. एवढा संबंध पुरे व्हावा.

आमच्या अधिकाराविषयीही एक शब्द. आम्ही पंडित नव्हे. दहावीत दोनदा आपटलो आणि १९९० साली मुंबईच्या गोदीत मालाची टॅली करण्याच्या कामाला लागलो. पुढचे शिक्षण रात्रशाळेत आणि वाचनालयात झाले. गोदीत आमचे पहिले गुरू दाभोळकडचे एक वृद्ध टिंडल होते. सगळे त्यांना चाचा म्हणत. त्यांना अक्षर येत नव्हते. पण बोट अजून दूर धुक्यात असताना ते सांगत, अमक्या कंपनीची आहे, अमका माल असेल. आम्ही नाव वाचायला धडपडत असू. ते म्हणत, "अरे बाळा, नाव काय वाचतोस? नाव बदलतं. धुराडं बघ, बावटा बघ." आमची या विषयाची गोडी तेथली. पुढे एका ग्रंथपालांनी जगभरच्या जहाज कंपन्यांच्या निशाणांचे एक रंगीत पुस्तक हातात ठेवले आणि ते व्यसनच लागले.

आता मुद्द्याकडे येऊ. जहाजावर एकाच वेळी निरनिराळे बावटे असतात आणि प्रत्येकाची जागा ठरलेली असते. पिछाडीला असतो तो राष्ट्राचा बावटा. जहाजाची नोंदणी कोणत्या देशात आहे, त्यावर कायदा कोणाचा चालतो, हे तो सांगतो. पुढच्या डोलकाठीवर, ज्या देशाच्या बंदरात जहाज आले त्या देशाचा बावटा आदराने चढवतात. आणि मुख्य डोलकाठीवर असतो तो मालकाचा बावटा. इंग्रजीत त्याला घराचे निशाण म्हणतात. हे घर म्हणजे व्यापाराचे घर, म्हणून आम्ही त्याला आपल्या जुन्या शब्दात पेढीचा बावटा म्हणतो.

बिनतारी संदेश नव्हते तेव्हा या बावट्यावर पैसा अवलंबून असे. बोट सुखरूप आली की नाही हे मालकाला, विमेवाल्याला आणि माल घेणाऱ्याला जो आधी सांगेल तो मोलाचा. इंग्लंडात लिव्हरपूलजवळ बिड्स्टन टेकडीवर याचसाठी काठ्यांची रांगच उभारली होती. टेहळ्याला समुद्रात कोणाची बोट दिसली की त्या मालकाचे निशाण टेकडीवर चढे आणि शहरातला व्यापारी आपल्या कचेरीतून ते पाही. पुढे आगबोटी आल्या, धुराडी आली, तेव्हा तेच रंग धुराड्यावरही रंगवू लागले. धुराडे लांबून दिसते आणि वारा पडला तरी लोंबत नाही.

डेन्मार्कला तर हे शास्त्र अंगवळणीच पडलेले असणार. बाल्टिक समुद्राचे तोंड या देशाच्या हातात. हेलसिंगोर येथे सामुद्रधुनी इतकी अरुंद आहे की पलीकडचा स्वीडनचा किनारा स्पष्ट दिसतो. तेथे डेन्मार्कच्या राजाने १४२९ ते १८५७ पर्यंत, म्हणजे चारशेहून अधिक वर्षे, येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांकडून जकात घेतली. एवढी शतके ज्यांनी नाक्यावर बसून दुसऱ्यांचे बावटे ओळखले, त्यांना बावट्याची किंमत शिकवावी लागत नाही.

त्या देशाचा राष्ट्रीय बावटा म्हणजे तांबड्यावर पांढरा क्रूस. त्याला डानेब्रोग म्हणतात. १२१९ साली एस्टोनियातल्या लढाईत तो आकाशातून पडला अशी त्यांची कथा आहे. या बावट्याची दोन रूपे आहेत. साध्या व्यापाऱ्याचा बावटा चौकोनी. राजाचा आणि सरकारचा मात्र टोकाला दुभंगलेला, आपल्या भगव्यासारखा दोन जिभांचा. राजाची सनद मिळालेल्या काही कंपन्यांना हा दुभंगलेला बावटा आपले चिन्ह घालून वापरायची मुभा मिळे. पेढीची ऐट राजाच्या कापडावर! व्यापार आणि राज्य यांची गाठ कोठे पडते, हे पुस्तकापेक्षा बावटा लवकर सांगतो.

असे डॅनिश बावटे आपल्या देशानेही पाहिलेले आहेत. १६२० साली तंजावरच्या रघुनाथ नायकाने त्यांना तरंगंबाडीस वखार घालू दिली. पुढे १६७५ च्या सुमारास तंजावर व्यंकोजीराजे भोसल्यांकडे आले, तेव्हा या गोऱ्या व्यापाऱ्यांचा सालाचा नजराणा मराठी दरबारात येऊ लागला. सरफोजीराजांचे गुरू म्हणून ज्यांचे नाव घेतात ते श्वार्ट्झ पाद्रीही तरंगंबाडीच्या डॅनिश मिशनमध्येच आलेले. बंगालमधले श्रीरामपूर त्यांच्याकडे १७५५ पासून होते. १८४५ साली डेन्मार्कने ही ठाणी साडेबारा लाख रुपयांना इंग्रजांच्या कंपनीला विकून टाकली. दोनशे सव्वादोनशे वर्षे फडकलेला बावटा एका खरेदीखताने उतरला. बावटा विकत देता-घेता येतो, ही गोष्ट येथेच लक्षात ठेवा. पुढे तिचे काम आहे.

आता आगबोटींचे युग. १८६६ साली टिटगेन नावाच्या धनिकाने डेन्मार्कच्या मोठ्या आगबोट कंपन्या एकत्र करून 'संयुक्त आगबोट कंपनी' काढली. तिची डॅनिश आद्याक्षरे डी.एफ.डी.एस. हिचे चिन्ह आहे माल्टाचा क्रूस, म्हणजे चार भाले टोकाशी टोक लावून ठेवावेत तसा, निळ्यावर पांढरा. धुराडे काळे आणि त्यावर तांबडा पट्टा. उत्तर युरोपच्या बंदरांत तो तांबडा पट्टा शेंबड्या पोरालाही ठाऊक झाला. याच कंपनीची 'नॉर्ज' बोट अमेरिकेला पोट भरायला निघालेली गरीब माणसे घेऊन जात होती. २८ जून १९०४ रोजी रॉकॉलच्या खडकावर ती आपटली. बोटीवर माणसे जवळजवळ आठशे, आणि जीवरक्षक होड्या आठ! सहाशेहून अधिक बुडाले. टायटॅनिक सर्वांना माहीत आहे, कारण तिच्यावर लक्षाधीश होते. 'नॉर्ज'वर मजूर होते.

दुसरी पेढी मर्स्क. हिची कथा मात्र मनाला भिडणारी आहे. पीटर मर्स्क मोलर हे गलबतांवर वाढलेले कप्तान. १८८६ साली ते 'लॉरा' या छोट्या आगबोटीवर होते. तिच्या काळ्या धुराड्यावर त्यांनी निळा पट्टा काढला आणि त्यात पांढरी, सात टोकांची चांदणी. त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांनी पत्नीला, ॲनाला, पत्र लिहून कारण सांगितले. ती पूर्वी फार आजारी होती. एका रात्री आकाश ढगांनी झाकलेले असताना कप्तानाने देवाची करुणा भाकली की, या अंधारात एक तारा दिसू दे, म्हणजे तू ऐकलेस असे मी समजेन. त्या रात्रीची आठवण म्हणून ही चांदणी. पुढे १९०४ साली बाप-लेकांनी, म्हणजे पीटर आणि त्यांचा मुलगा ए. पी. मोलर यांनी, स्वेंडबोर्ग गावी एकच जुनी आगबोट घेऊन कंपनी काढली. १९१२ साली दुसरी काढली. तीच चांदणी पुढे जगातल्या सर्वांत मोठ्या पेटीवाहू कंपन्यांपैकी एकीची निशाणी झाली.

आम्ही भांडवलदारांचे भाट नव्हे, हे आपण जाणता. पण बायकोच्या आजारात आकाशाकडे पाहणारा बोटीवरचा माणूस आम्हांला परका वाटत नाही. वर्षातले नऊ महिने घरापासून दूर असणारा कोकणातला प्रत्येक खलाशी हे करतो. त्याच्या नावे धुराडे नसते, एवढाच फरक.

तिसरी पेढी, ईस्ट एशियाटिक कंपनी. १८९७ साली एच. एन. अँडरसन यांनी ती काढली आणि सयामशी व्यापार मांडला. १९१२ च्या फेब्रुवारीत या कंपनीची 'सेलँडिया' कोपनहेगनहून बँकॉकला निघाली. बर्माइस्टर आणि वाइन यांच्या कारखान्यात बांधलेली ही बोट वाफेवर चालत नव्हती, तेलाच्या डिझेल इंजिनावर चालत होती. महासागर ओलांडणाऱ्या मोठ्या मोटारबोटींत हीच पहिली मानतात. वाटेत लंडनला विन्स्टन चर्चिल ती पाहायला गेले. ते त्या वेळी आरमाराचे मंत्री होते. लोक आश्चर्य करीत, कारण तिला धुराडेच नव्हते! धूर एका डोलकाठीतून बाहेर सोडला होता. चाचांना ही बोट दाखवली असती तर ते क्षणभर गोंधळले असते. मग म्हणाले असते, "बावटा बघ."

सर्व पुस्तकांत 'सेलँडिया'ची स्तुती आहे, आणि ती योग्यच आहे. पण आमचा धंदा असा की, यंत्र पाहिले की आम्ही माणसे मोजतो. वाफेच्या बोटीत तळाशी भट्टीपुढे कोळसा ढकलणारे असत. आपल्याकडच्या बोटींवर त्यांना आगवाले म्हणत. तांबड्या समुद्रात त्या भट्टीपुढे उभे राहणे म्हणजे नरक. डिझेलने तो नरक संपवला, आणि आगवाल्याची नोकरीही संपवली. कोणत्याही सुधारणेला आंधळा विरोध करू नये, आणि तिचा हिशेब एकाच बाजूने मांडू नये, एवढे आम्ही 'सेलँडिया'वरून शिकलो. गोदीत पेट्या आल्या तेव्हा आमच्या संघटनेला हा धडा उपयोगी पडला असता. पण आम्ही तो वाचला उशिरा.

याच बोटीची बहीण 'फिओनिया'. १९१२ च्याच उन्हाळ्यात ती जर्मनीच्या कील बंदरात मिरवायला गेली. तेथे कैसरने ती पाहिली आणि एका जर्मन कंपनीने ती विकतच घेतली. डॅनिश बावटा उतरला, जर्मन चढला, नावही बदलले. इंजिन तेच, खोल्या त्याच, पण बोट परक्याची झाली.

आणखी एक बावटा दुःखाचा आहे. ग्रीनलंडशी व्यापाराची मक्तेदारी डेन्मार्कच्या सरकारी खात्याकडे होती. ही मक्तेदारी १७७६ पासूनची. त्याचा बावटा म्हणजे दुभंगलेला डानेब्रोग आणि कोपऱ्यात एकमेकांवर टाकलेले दोन पांढरे हारपून, म्हणजे देवमासा मारण्याचे भाले. या खात्याने 'हान्स हेडटॉफ्ट' नावाची नवी बोट बांधली. बर्फालाही ती दाद देणार नाही अशी तिची ख्याती केली. पहिल्याच सफरीत परतताना, ३० जानेवारी १९५९ रोजी, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळ ती हिमनगावर आदळली. चाळीस खलाशी आणि पंचावन्न उतारू होते. डॅनिश संसदेतले ग्रीनलंडचे प्रतिनिधी ऑगो लिंगे हेही त्यांत होते. एकही वाचला नाही. काही महिन्यांनी आइसलंडच्या किनाऱ्याला बोटीच्या नावाचे एक जीवरक्षक कडे लागले. पंचाण्णव माणसांचे तेवढेच परत आले.

आता दुसऱ्या महायुद्धाकडे वळू, कारण तेथे बावट्याची खरी परीक्षा झाली. ९ एप्रिल १९४० रोजी जर्मन फौजा डेन्मार्कमध्ये शिरल्या. त्या क्षणी शेकडो डॅनिश बोटी जगाच्या समुद्रांवर होत्या. कप्तानाने काय करावे? पिछाडीचा बावटा ज्या देशाचा तो शत्रूच्या ताब्यात. मुख्य डोलकाठीचा बावटा ज्या पेढीचा तिची कचेरी कोपनहेगनात, म्हणजे तीही शत्रूच्या ताब्यात. मर्स्कवाल्यांनी मुलाला अमेरिकेस पाठवले आणि आपल्या बोटींचा कारभार तेथून चालवला. पुष्कळ बोटी इंग्रजांच्या बंदरांत गेल्या आणि इंग्रजी बावट्याखाली चालू लागल्या. अमेरिकेच्या बंदरांत अडकलेल्या बोटी १९४१ मध्ये त्या सरकारने घेतल्या. युद्धाच्या राखाडी रंगाखाली धुराड्यावरचे पट्टे आणि ताऱ्याही गेल्या. बोटीकडे पाहून ती कोणाची हे आता कोणालाही सांगता आले नसते.

परंतु त्या बोटींवर माणसे तीच होती. हजारो डॅनिश खलाशी घराची खबर नसताना, परक्या निशाणाखाली, पाणबुड्यांच्या तोंडातून धान्य आणि तेल नेत राहिले. कोपनहेगनला न्यूहाव्नच्या तोंडाशी १९५१ साली एक मोठा जुना नांगर ठेवला आहे. युद्धात मेलेल्या सतराशेहून अधिक डॅनिश खलाशांची ती आठवण आहे. येथे बावटा नाही, नांगर आहे. ज्यांनी ही निवड केली त्यांना आम्ही नमस्कार करतो. ही माणसे कोणत्या एका कापडाखाली मेली नव्हती.

जाता जाता सांगतो, त्याच एप्रिलचा धक्का मुंबईलाही बसला होता. हेनिंग होल्क-लार्सन आणि सोरेन टुब्रो हे दोन डॅनिश इंजिनिअर १९३८ पासून मुंबईत डेन्मार्कची यंत्रे विकत होते. यंत्रे येणे बंद झाले, तेव्हा त्यांनी येथेच कारखानदारी सुरू केली आणि जहाजांची दुरुस्तीही केली. लार्सन आणि टुब्रो हे नाव आता मराठी माणसाला परके राहिलेले नाही. येथे बसलेल्यांपैकी कोणाचे तरी वडील पवईला कामाला असतील.

येथवर ऐकून कोणी म्हणेल की, ही सगळी गोष्ट रंजक आहे, पण कामगार पुढाऱ्याला तिच्यात काय? तेच सांगायला आम्ही आलो आहोत.

पूर्वी पिछाडीचा बावटा आणि डोलकाठीचा बावटा हे एकाच घरचे असत. डॅनिश पेढी, डॅनिश नोंदणी, खलाशीही बहुतेक तेथलाच. तक्रार कोठे न्यायची हे स्पष्ट असे. पुढे मालकांनी युक्ती काढली. पेढी एका देशाची, पण बोटीची नोंदणी पनामा किंवा लायबेरियासारख्या देशात. तेथे कर कमी, कायदा सैल. याला सोयीचा बावटा म्हणतात. सोय कोणाची, हे सांगायला नको. जगातल्या वाहतूक कामगारांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने १९४८ साली ऑस्लोच्या परिषदेत याविरुद्ध मोहीम पुकारली. तिचे धोरण १९९८ साली आपल्या दिल्लीतल्या परिषदेत नव्याने मांडले गेले.

डेन्मार्कमध्येही १९८० नंतर बोटी परक्या नोंदणीकडे जाऊ लागल्या. तेव्हा सरकारने १९८८ साली वेगळी आंतरराष्ट्रीय नोंदणी काढली. बावटा डानेब्रोगच. पण त्या कायद्याच्या दहाव्या कलमाने ठरवले की, डॅनिश संघटनेचा करार डेन्मार्कमध्ये राहणाऱ्यालाच लागू व्हावा. दुसऱ्या देशाच्या खलाशाला त्याच्या देशाच्या करारावर ठेवता येईल. म्हणजे एकाच बोटीवर, एकाच बावट्याखाली, एकाच दोराला दोघे हात घालतात, आणि दोघांचे पगार निराळे. डॅनिश संघटनांनी तक्रार केली आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या तज्ज्ञ समितीने या कलमावर वारंवार आक्षेप नोंदवला.

आता आमची अडचण ऐका. डॅनिश खलाशी म्हणतो, समान काम, समान दाम. हे आमचेच घोषवाक्य. आम्ही ते चाळीस वेळा भिंतींवर रंगवले आहे. पण गुहागरचा खलाशी आमच्याजवळ येऊन म्हणतो, "साहेब, गोऱ्याएवढा पगार मागितलात तर तो गोऱ्यालाच घेईल, आम्हांला कशाला घेईल? माझ्या घराचा स्लॅब कोण घालणार?" या प्रश्नाला आमच्याजवळ बरीच वर्षे उत्तर नव्हते. प्रामाणिकपणे सांगतो, आजही पुरते नाही. डॅनिश भावाचे म्हणणे तत्त्वाने खरे आहे. आपल्या भावाचे म्हणणे पोटाने खरे आहे. जो पुढारी यांतले एकच खरे म्हणतो, तो एक तर डेन्मार्कमध्ये बसला आहे, नाही तर एजंटाच्या कचेरीत.

आमचे मत झाले आहे ते एवढे. छत एकदम सारखे करता येणार नाही, पण जमीन सारखी करता येते. पगाराची एक खालची मर्यादा, जिच्याखाली कोणत्याही बावट्याच्या बोटीने जाऊ नये. कामाचे तास, विश्रांती, औषध, घरी परतीचे भाडे, मृत्यूची भरपाई यांत खलाशाचा देश पाहू नये. सागरी कामगारांचा २००६ चा आंतरराष्ट्रीय करार २०१३ साली अमलात आला, त्याची दिशा हीच आहे. भारतानेही तो २०१५ साली मान्य केला. जमीन वर उचलत राहिलो की दोन्ही भावांमधले अंतर आपोआप कमी होईल. हळू होईल, पण कोणाच्या पोटावर पाय न देता होईल.

हे का निकडीचे आहे, ते दोन उदाहरणांनी सांगतो. २६ मार्च २०२४ रोजी अमेरिकेत बाल्टिमोरचा मोठा पूल 'डाली' नावाच्या बोटीच्या धडकेने पडला. पुलावर रस्त्याची डागडुजी करणारे सहा मजूर मेले. ही बोट कोणाची? पिछाडीला सिंगापूरचा बावटा. मालकी सिंगापूरच्या एका कंपनीची. चालवणारी कंपनी दुसरी. आणि भाड्याने घेऊन माल नेत होती मर्स्क. बोटीवरची माणसे एकवीस, त्यांत वीस भारतीय आणि एक श्रीलंकेचा. ती तीन महिन्यांच्या आसपास बोटीवरच अडकून पडली, काहींना त्यानंतरही घरी जाता आले नाही. दोष कोणाचा हे कोर्टांनी ठरवावे, आम्ही ठरवीत नाही. पण चार घरे आणि एक बोट! चाचा असते तर कोणता बावटा दाखवला असता?

दुसरे उदाहरण आमच्या पुढ्यातले. काही वर्षांपूर्वी मुंबईबाहेर नांगरलेल्या एका जुन्या बोटीवरून निरोप आला. डेन्मार्कशी तिचा काही संबंध नव्हता. चौदा खलाशी, सात महिने पगार नाही, पिण्याचे पाणी संपत आलेले. आम्ही मचव्यातून गेलो. धुराडे सपाट पांढऱ्या रंगाने फासलेले. पण जवळून पाहिले तर रंगाखाली जुन्या निशाणाची वेल्डिंगची कड वर आलेली दिसत होती. एक अक्षर होते आणि त्याभोवती गोल. तीनदा विकलेली बोट. नोटीस कोणाच्या नावे द्यायची, हेच आठ दिवस कळेना. कागदावरचा मालक म्हणजे परदेशातल्या एका इमारतीतला टपालाचा खोका.

शेवटी कायद्याचा एक जुना नियम कामी आला. समुद्राचा कायदा म्हणतो की, मालक सापडत नसेल तर बोटीलाच धरा. हायकोर्टाने बोटीला अटक केली. हुकमाचा कागद बोटीवर नेऊन चिकटवला. २०१८ पासून लागू झालेल्या आपल्या नव्या सागरी कायद्यातही खलाशाच्या पगाराचा दावा सर्वांत वरच्या क्रमांकावर आहे, हे येथे बसलेल्या प्रत्येक खलाशाच्या बापाने लक्षात ठेवावे. बोट लिलावात गेली आणि दीड वर्षाने पोरांचे पैसे मिळाले. त्या दिवसांत एका पोराची आई वारली. तो पोहोचू शकला नाही. ते काही कोणत्या लिलावातून भरून आले नाही.

म्हणून आम्ही निशाणांचे पुस्तक उघडतो ते केवळ रंग पाहायला नाही. बावटा मुळात एक वचन होते. ही बोट माझी आहे, ती बुडाली तर माझी, तिच्यावरची माणसे माझी, असे डोलकाठीवर चढून जाहीरपणे सांगणे. पीटर मर्स्क मोलरने चांदणी काढली तेव्हा तो स्वतः त्या धुराड्याखाली उभा होता. आज धुराडे एका ठिकाणी, मालक दुसरीकडे, नोंदणी तिसरीकडे, आणि खलाशी आपल्या गावचा. बावटा राहिला, वचन पातळ झाले. ते पुन्हा घट्ट करणे हे आमच्यासारख्यांचे काम आहे.

आता शेवटचे, आणि अगदी व्यवहाराचे. आपल्या गावातली पोरे आता बोटीवर जाऊ लागली आहेत. पोराला पाठवण्याआधी चार गोष्टी विचारा. पिछाडीला बावटा कोणत्या देशाचा? धुराड्यावर निशाण कोणाचे? कराराच्या कागदावर सही कोणाची, आणि त्याची प्रत हातात आहे का? संघटनेचा करार त्या बोटीला लागू आहे का? नोकरी लावणाऱ्या एजंटाकडे नौवहन महासंचालनालयाचा परवाना आहे का, हे तपासा. जो नोकरीसाठी लाख-दोन लाख मागतो त्याच्या दारातून परत फिरा. जमीन गहाण टाकून समुद्रावर जाऊ नका. खलाशाचे सेवापुस्तक, ज्याला जुने लोक नल्ली म्हणत, ते पोराचे आहे. ते दुसऱ्याच्या तिजोरीत राहता कामा नये.

चाचा वारले त्याला आता बरीच वर्षे झाली. ते सांगत, नाव बदलते, बावटा बघ. आम्ही त्यात एवढीच भर घालतो की, चाचा, आता बावटाही बदलतो. तेव्हा त्याखालची माणसे बघावी लागतात.

  परत जाताना रस्त्यावर पेटी दिसली तर चांदणीची टोके मात्र मोजा.